आमचे मोटारमंडळ

ज्या घरात सकाळच्या पंगतीस चौदा पाने मांडली जातात, त्या घरात दोनच माणसांच्या बैठकीची मोटार आणणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे, हे आम्हांस १९६९ सालीही कळत होते. तरी ती आम्ही आणली. हिंगणघाटच्या एका कापूस-व्यापाऱ्याच्या जिनिंगच्या आवारात, सरकीच्या पोत्यांमागे ती आठ वर्षे उभी होती. टपाचे कापड उंदरांनी कुरतडले होते, चाकांच्या तारा गंजल्या होत्या, आणि बैठकीत एका मांजरीने आपला संसार थाटला होता. सौदा ३,२०० रुपयांस ठरला. महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या चोवीस वर्षांच्या तरुणाची ती सर्व शिल्लक होती. शिवाय दादांकडून उसने घेतलेले सहाशे रुपये निराळेच.

त्या वेळी सिंदी मेघे हे वर्धा शहराच्या शेजचे खेडेच होते. (आमच्या गावास पुष्कळ लोक सेलू तालुक्यातील सिंदी रेल्वे समजतात व आमची पत्रे तिकडे फिरून येतात; पण ते असो.) भाद्रपदातील चिखलामुळे मोटार घेऊन आलेला ट्रक गल्लीच्या तोंडाशीच थांबला. अखेर शेजारच्या एका सद्गृहस्थांनी आपली बैलजोडी दिली, आणि आमची ती वेगाकरिता विख्यात असलेली मोटार दोन बैलांच्या मागून, घंटांच्या नादात, अंगणात प्रवेश करती झाली. वहिनींनी रीतीप्रमाणे भाकरतुकडा ओवाळला. मात्र तो मोटारीवरून ओवाळावा की बैलांवरून, असा त्यांस प्रश्न पडला. दादा ओसरीवर उभे होते. ते म्हणाले, "आता खरी ऑक्सफर्ड झाली!"

या विनोदाचा उलगडा केला पाहिजे. वर्ध्याच्या जुन्या मंडळींत एक गोष्ट सांगतात. महात्माजी १९३६ साली शेगावी, म्हणजे पुढील सेवाग्रामी, राहावयास गेले, तेव्हा तेथील वाट मोटारीच्या कामाची नव्हती. म्हणून शेठ जमनालालजी बजाज यांच्या एका जुन्या फोर्ड गाडीस बैल जुंपीत व पाहुण्यांस तीतून नेत-आणीत. बैल म्हणजे 'ऑक्स' आणि गाडी 'फोर्ड', म्हणून ती 'ऑक्सफर्ड'! गंमत अशी की, आमच्या मोटारीच्या नाकावर जी 'एम. जी.' ही दोन अक्षरे होती, ती 'मॉरिस गॅरेजेस' या नावाची, व ते मॉरिस गॅरेज विलायतेतील खऱ्याखुऱ्या ऑक्सफर्ड शहरातले. ही माहिती आम्हांस कळली तेव्हा दादांनी तीन दिवस आमच्याकडे पाहून हसण्यापलीकडे दुसरे काही केले नाही.

मोटार अंगणात आली, पण ती चालणार कशी? याच प्रश्नापायी आम्ही त्या मंडळाचे सभासद झालो, ज्याविषयी आज लिहावयाचे आहे. मंडळाचे नाव येथे मुद्दामच देत नाही. ज्यांस ते ठाऊक आहे त्यांस सांगणे नको, व इतरांस त्याचा उपयोग नाही. मुंबईस वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन १९१९ पासून आहे, आणि खुद्द एम. जी. मोटारींच्या शोकिनांचा क्लब इंग्लंडात १९३० साली निघाला. त्यांच्या तुलनेने नागपूर-वर्ध्याचे आमचे अकरा जणांचे मंडळ म्हणजे समुद्रापुढे ओंजळ. वार्षिक वर्गणी बारा रुपये, सभा महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, आणि मालमत्ता म्हणजे एक इतिवृत्ताची वही व एक लाकडी पेटी.

या पेटीचे महत्त्व आजच्या वाचकांस सहजी कळणार नाही. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशी झाल्या, आणि बाहेरून भाग आणून येथे नुसत्या मोटारी जुळविणाऱ्या परदेशी कंपन्यांस पुढे वाव राहिला नाही; जनरल मोटर्सने मुंबईतील आपला कारखाना १९५४ साली बंद केला. त्यानंतर आपल्याकडे मोटार म्हणजे मुख्यतः तीन घरची: हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर, वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कारखान्याची फियाट, आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. नवी फियाट हवी असल्यास नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा काळात १९४८ सालच्या विलायती स्पोर्ट्स मोटारीचा एक स्क्रू हरवला, तर तो मिळावयाचा कोठून? त्यात आमच्या गाडीच्या यंत्राची तऱ्हा अशी की, बोल्टांचे आटे मेट्रिक मापाचे आणि डोकी मात्र इंग्रजी व्हिटवर्थ मापाची! बाजारातील बोल्ट आट्यात बसला तर पाना बसत नसे, आणि पाना बसला तर आटा बसत नसे. मंडळाच्या पेटीत प्रत्येक सभासदाने आपल्याजवळचा जादा भाग ठेवावा, वहीत नोंद करावी, आणि ज्यास गरज असेल त्याने तो न्यावा, असा नियम होता. एकाच्या गाडीतला पाण्याचा पंप दुसऱ्याच्या गाडीत, दुसऱ्याचा दिवा तिसऱ्याच्या गाडीत, असा व्यवहार चाले. कोणती मोटार नेमकी कोणाची, हे सांगणे पुढे पुढे कठीण होऊन बसले.

आमच्या गाडीस उभे करण्यास दोन वर्षे गेली. तिचा पत्रा ॲश नावाच्या विलायती लाकडाच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो, हे आम्हांस तो पत्रा काढल्यावर कळले. कारण आत लाकूड नव्हतेच, केवळ वाळवीची माती होती. आमच्या गावच्या सुतारांनी त्या मातीच्या आकारावरून मापे घेतली आणि सगळा सांगाडा सागवानाचा बांधला. जन्मात बैलगाड्यांखेरीज काही न केलेला तो मनुष्य काम संपल्यावर म्हणाला, "वाळवी लागन तं मले सांगजा जी." आज पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला, पण सांगावे लागलेले नाही.

१९७१ च्या दसऱ्यास यंत्र सुरू झाले. कळ फिरविताच आधी पेट्रोलचा विजेचा पंप टिकटिक करू लागतो, मग ती टिकटिक मंदावते, आणि मग चार नळकांड्यांचे ते १२५० घनसेंटिमीटरचे यंत्र गुरगुरते. घरातील मुलांची पाळी ठरविण्याकरिता भिंतीवरील दिनदर्शिकेत नावे लिहावी लागली. मातोश्री मात्र वर्षभर गाडीकडे फिरकल्या नाहीत. मग एके दिवशी त्यांनी आपणहून विचारले, "ही पवनारपर्यंत जाते का रे?" सत्तरीच्या घरातील ती माउली नऊवारीचा काचा सावरून, डोक्यावर लोकरी टोपडे बांधून त्या खोलगट बैठकीत बसली, आणि आम्ही धाम नदीकाठी विनोबांच्या आश्रमापर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर त्यांनी अभिप्राय दिला, "वारा फार आहे, पण डोंगर-झाडे जवळून दिसतात." स्पोर्ट्स मोटारीचे याहून नेमके वर्णन आम्ही पुढे कोणत्याही ग्रंथात वाचले नाही.

येथपर्यंतची हकीकत हसत सांगण्यासारखी आहे. पुढची तशी नाही. परंतु ती वगळून मंडळाच्या आठवणी लिहिणे म्हणजे पुन्हा तेच करणे, जे आम्ही एकदा केले.

१९७६ च्या फेब्रुवारीतील गोष्ट. आमच्या गाडीचा कमाल वेग ताशी सुमारे १२० किलोमीटर. मंडळातील एका मित्राची हेराल्ड त्याहून फारशी मागे नव्हती. कोणती पुढे जाईल, यावर दोन-तीन सभांत वाद रंगला, आणि एका रविवारी पहाटे पवनारहून सेलूपर्यंत नागपूरच्या सडकेवर याचा निकाल लावावयाचा ठरला. सडक सरकारी, वेळ रामप्रहरची. कोण असणार वाटेत, असे आम्ही धरून चाललो. कापसाच्या एकाधिकार खरेदीची ती वर्षे होती. केंद्रावर रांगेत आधी नंबर लागावा म्हणून शेतकरी मध्यरात्रीच गाड्या जुंपून निघत, हे वर्धा जिल्ह्यात जन्मलेल्या आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. आठवले नाही एवढेच.

दोन्ही मोटारी शेजारी शेजारी होत्या. आडवाटेने एक कापसाने भरलेली गाडी सडकेवर चढत होती. आम्ही तिला स्पर्शही केला नाही. दोन यंत्रांचा एकदम झालेला तो गडगडाट ऐकून बैल उधळले, गाडी खाली नालीत उलटली, आणि डाव्या बैलाचा पुढचा पाय मोडला. गाडीवानाच्या मनगटास दुखापत झाली. आम्ही थांबलो, त्यास दवाखान्यात नेले, पट्टी बांधविली. बैल मात्र पुन्हा उभा राहिला नाही.

पुढील सभेत या प्रकाराची नोंद करणे भाग होते. कोणी म्हणाले, टक्कर झालेली नाही, मोटारीस ओरखडा नाही, मग दोष कसला? कोणी म्हणाले, भूतदया म्हणून पन्नास-पाऊणशे द्यावेत, पण जबाबदारी म्हणून देऊ नयेत, नाहीतर मंडळ अडचणीत येईल. शेवटी इतिवृत्तात असे लिहिले गेले की, "मंडळाच्या सहलीच्या वेळी वाटेत एका शेतकऱ्याचे बैल बुजून किरकोळ अपघात घडला, मंडळाने त्यास साहाय्य केले." चिटणीस म्हणून त्याखाली सही आमची होती. त्या एका वाक्यात शर्यत नव्हती, आमची मोटार नव्हती, आणि मेलेला बैलही नव्हता. वाक्य लिहिताना आमचा हात जराही अडखळला नाही, याचेच आज अधिक वाईट वाटते.

वही घरी आमच्यापाशी असे. दादा वकील, कागद दिसला की वाचावयाचा, ही त्यांची सवय. ते काही रागावले नाहीत. वही मिटून त्यांनी ती आमच्या हाती दिली आणि म्हणाले, "ही वही या घरात ठेवायची असेल तर खरी करून ठेव. नाहीतर दुसऱ्या कोणाकडे दे." त्या रात्री सौभाग्यवतींनीही एकच प्रश्न विचारला, "टायरांचे पैसे किती जमलेत?" आमच्या गाडीस एकोणीस इंची चाके, ते टायर दुर्मीळ, म्हणून चार वर्षे घरखर्चातून वाचवून अकराशे रुपये एका डब्यात साठविले होते. तो डबा त्यांच्याच ताब्यात असे.

त्या पैशांत बाजारातून एक चांगला बैल घेऊन आम्ही त्या शेतकऱ्याच्या गावी गेलो. मनातून वाटत होते की आता तो संतोषेल, आणि आपण मोकळे होऊ. त्याने बैलाचे दात पाहिले, खांदा चाचपला, आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "जनावर चांगलं हाय जी. पण भाऊ, तुमी बैल आनला, जोडी कुठून आनान? माहा उजवा बैल त्या डाव्याशिवाय चालत नाई. ह्याच्यासंगं त्याले लावाचं म्हंजे दोन वरीस लागते."

आम्ही पदार्थविज्ञान शिकवीत होतो. एक वस्तू गेली, तिच्या जागी तेवढ्याच वजनाची दुसरी ठेवली, की तराजू समतोल होतो, असा आमचा समज. त्या मनुष्याने एका वाक्यात तो समज उतरविला. बैल त्याने ठेवून घेतला, चहा दिला, आणि निघताना एवढेच म्हणाला, "पोळ्याले या. तवा पाहा जमली का जोडी ते."

त्यानंतरच्या सभेत आम्ही उभे राहून सांगितले की, इतिवृत्त चुकीचे आहे. बैल मोटारींच्या आवाजाने बुजले, त्या मोटारी शर्यतीत होत्या, त्यांपैकी एक आमची होती, आणि बैल मेला. ही दुरुस्ती लाल शाईने समासात लिहावी अशी सूचना मांडली. सभा फार कडू झाली. हेराल्डवाल्या मित्रास वाटले की आम्ही स्वतः सज्जन ठरण्याकरिता त्यास अपराधी ठरवीत आहोत, आणि त्याचे म्हणणे अगदीच खोटे होते असे आज आम्हांस म्हणवत नाही. तीन सभासदांनी राजीनामे दिले. त्यांत तोही होता. अकरांचे आठ झालो. परंतु दुरुस्ती मंजूर झाली, आणि नियमावलीत सातवा नियम आला: सार्वजनिक रस्त्यावर कोणी शर्यत लावू नये, बैलगाडी दिसताच वेग उतरवावा, आणि जनावर बुजत असेल तर यंत्र बंद करून गाडी आधी पुढे जाऊ द्यावी.

टायर नसल्यामुळे आमची मोटार पुढील दोन वर्षे लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. दर पोळ्यास आम्ही त्या शेतकऱ्याकडे जात असू. पहिल्या वर्षी दोन्ही बैल शिंगे रंगवून, झुली घालून उभे होते. पण दोघांची तोंडे दोन दिशांस. दुसऱ्या वर्षीही तसेच. तिसऱ्या वर्षी ते तोरणाखालून बरोबरीने निघाले, तेव्हा शेतकऱ्याने गर्दीतून आमच्याकडे पाहिले आणि नुसती मान हलविली. त्याच दिवाळीत हेराल्डवाला मित्र आपणहून आमच्या दारी आला. हातात कापडात गुंडाळलेले काहीतरी जड होते. ओसरीवर ते ठेवून तो म्हणाला, "मुंबईला दोन टायर मिळाले. जुने आहेत, पण चालतील." बाकी कसलाच विषय निघाला नाही. सौभाग्यवतींनी त्यास चकल्या वाढल्या, आणि पुढल्या दुसऱ्या रविवारी तो आपल्या जुन्या जागी येऊन बसला.

सातव्या नियमावर इतर ठिकाणचे मोटारबहाद्दर पुष्कळ हसले. नागपूरच्या सडकेवर, केळझरच्या चढावर, आमच्या पाच-सहा मोटारी रांगेने यंत्रे बंद करून उभ्या आहेत आणि शेजारून एक बैलगाडी खडखडत चालली आहे, हे दृश्यच हसण्याजोगे होते. ज्यांस शर्यतीची हौस होती त्यांनी मद्रासजवळच्या शोलावरमची वाट धरावी, असे आम्ही सांगत असू. तेथे महायुद्धकाळातील विमानांच्या धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब शर्यती भरवीत असे. १९७९ साली आम्ही चौघे ग्रँड ट्रंक एक्सप्रेसने जाऊन त्या पाहूनही आलो. वेग हा मुळात पाप नव्हे. जेथे सर्वजण त्याकरिताच जमलेले असतात, तेथे तो पाहून आमच्याही अंगावर रोमांच उभे राहिले.

पुढील दशकांचा वृत्तांत थोडक्यात पुरे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, १९९१ नंतर परदेशी मोटारींस दारे उघडली, आणि आमची लाकडी पेटी हळूहळू निरुपयोगी होत गेली. आता आमच्या गाडीचे बहुतेक भाग विलायतेत नव्याने तयार होतात आणि घरपोच येतात. सोय झाली, पण एखाद्या पाण्याच्या पंपाकरिता ज्याच्या घरी जावे लागे, तेथे जाणेही थांबले. १९९४ साली मंडळाने स्त्रियांस सभासदत्व दिले. सौभाग्यवती तोवर वीस वर्षे मंडळाचा जमाखर्च सभासद नसताना लिहीत होत्या. सभासद झाल्याबरोबर त्यांनी प्रथम मागील वर्गणीची थकबाकी वसूल केली, तीत आमचीही दोन वर्षांची निघाली. दादा २००३ साली गेले. हेराल्डवाला मित्र २०१४ साली गेला. त्याची हेराल्ड त्याचा पुतण्या चालवितो. 'एम. जी.' या नावाच्या नव्या मोटारी २०१९ पासून गुजरातेत हालोल येथे तयार होतात, परंतु ते नाव आता एका चिनी कंपनीकडे आहे. ऑक्सफर्डहून निघालेली ती अक्षरे कोठून कोठे गेली, हे पाहावयास दादा हवे होते.

२०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा टप्पा खुला झाला. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर येळाकेळीजवळ त्यावर चढता येते. तेथे मोटारींस ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे ज्या वेगाकरिता १९७६ साली आम्ही एका माणसाची जोडी मोडली, तो आज कोणीही गृहस्थ मुलाबाळांसह, गाणी ऐकत, कायद्याने गाठू शकतो. बैलगाडीस तेथे प्रवेशच नाही.

म्हणूनच गेल्या वार्षिक सभेत एका तरुण सभासदाने अत्यंत विनयाने सूचना मांडली की, सातवा नियम आता काढून टाकावा. तो कालबाह्य आहे. सूचना तर्कास धरून होती. पोळ्यास आमच्या ओळखीच्या गावांतूनही आता पूर्वीपेक्षा फार थोड्या जोड्या निघतात. पुष्कळ घरी मातीच्याच बैलांची पूजा होते. आम्ही काही बोललो नाही. ऐंशीच्या घरात आलेल्या मनुष्याने प्रत्येक सूचनेवर बोलू नये.

बोलली ती दादांची नात. ती नुकतीच सभासद झाली आहे. इतिवृत्ताची जुनी वही तिने मागवून घेतली होती. तिने समासातील लाल शाईची दुरुस्ती उभी राहून वाचून दाखविली, शेवटच्या सहीसकट. सभेतील अर्ध्याहून अधिक लोकांचा त्या वेळी जन्मही झालेला नव्हता. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "बैलगाडी हा शब्द काढायचा असेल तर काढा. त्या जागी लिहा, आपल्यापेक्षा सावकाश जाणारा कोणीही. सायकलवरचा मुलगा, रस्ता ओलांडणारी आजी, कोणीही." मग क्षणभर थांबून पुढे म्हणाली, "की बैलगाडीही राहू द्यायची?"

बैलगाडी राहिली. इतर शब्द तिच्यापुढे जोडले गेले. सूचना मांडणाऱ्या तरुणानेच त्यास अनुमोदन दिले.

सभा संपल्यावर त्याच तरुणाने आम्हांस आमची मोटार चालवून पाहू देण्याची विनंती केली. आम्ही किल्ली दिली. त्याने कळ फिरविली आणि पंपाची टिकटिक ऐकून तो दचकला. "आजोबा, काही बिघडलंय का?" त्याने विचारले. आम्ही सांगितले, "नाही. जरा थांब. ती मंदावली की सुरू कर."

यंदाची वर्गणी आम्ही भरली आहे.